सीडीवर स्टिकर चिकटवू नका राव

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आता सीडी-डीव्हीडी कोण वापरतंय असं म्हणणारे बरेच भेटतील, पण सांगलीत घरोघरच्या कपाटात लग्नाची, मुंजीची नाहीतर गॅदरिंगची एखादी डिस्क पडलेली असतेच, आणि घरात प्लेअर राहिला नाही म्हणून लोक ती पेनड्राईव्हवर करून घ्यायला आमच्यासारख्या शूटिंगवाल्यांकडं आणतायत. त्यात अडकतात त्या बहुतेक गोल चिकटा कागद लावलेल्या, बदामात नवरा-नवरीचा फोटो आणि खाली सोनेरी अक्षरात शुभविवाह. म्हणून हे पत्र.

लोकांना वाटतं डाटा खालच्या चकचकीत बाजूला आणि वरची बाजू नुसती नाव घालायला. सीडीचं नेमकं उलटं आहे. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर, त्यात जवळजवळ सगळं खालचं प्लास्टिकच, आणि ज्यात डाटा असतो तो रंगाचा थर, त्यावरचा धातूचा मुलामा आणि लॅकरचा म्हणजे वार्निशसारखा पातळसा हात हे सगळं वर, स्टिकरच्या गोंदाला लागूनच. उन्हाळ्यात गोंद पाघळतो, पावसाळ्यात कागद ओल धरतो, मग कडेला जरा सुटला की माणूस नखानं ओढायला बघतो आणि कागदाबरोबर मुलामापण सोलून येतो. डिस्क उजेडाकडं धरली की तेवढ्या जागेतनं आरपार दिसतं. तेवढं शूटिंग गेलं, मग कुठलंही सॉफ्टवेअर आणा.

डीव्हीडीचं तसं नाही म्हणतात, ते निम्मं खरं आहे. तिच्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधे डाटा असतो, सोलून निघायची भीती कमी. पण कागद आक्रसला की डिस्क किंचित वाकते, आणि डीव्हीडीवरचं लिखाण सीडीपेक्षा फार बारीक, त्यामुळं एवढासा बाकही लेसरला चालत नाही. शिवाय स्टिकर जरा सरकून बसला की तोल गेला, ५२ एक्सच्या, म्हणजे जोरात फिरवणाऱ्या ड्राईव्हमधे सीडी मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे घेते, मग टेबलासकट सगळं थरथरतं. आणि गाडीतल्या डिस्क आत ओढून घेणाऱ्या प्लेअरमधे तर घालूच नका, मे महिन्याच्या उन्हात स्टिकर आतच सुटला की डिस्क बाहेर येत नाही.

आपल्याकडं त्यात पुराची भर. २०१९ ला भिजलेल्या डिस्क अजून येतात. साध्या असतील तर स्वच्छ पाण्यानं धुवून मऊ कापडानं मधून बाहेर पुसल्या की बऱ्याचदा चालतात, स्टिकरवाल्यांवर कागद फुगून बुरशी धरलेली असते.

अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेनं २००३ सालीच डिस्क सांभाळायची पुस्तिका काढली, त्यातही जपून ठेवायच्या डिस्कला स्टिकर नको असंच आहे. चार दिवस बघून टाकायची असेल, प्रचाराची वगैरे, तर लावा खुशाल.

खरी काळजी नाट्यमंडळांची आणि शाळांची वाटते. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं नाटक केलं म्हणून नाट्यपंढरी म्हणून मिरवतो आपण, आणि आपल्याच हौशी प्रयोगांचं शूटिंग ट्रंकेत स्टिकर लावून पडलंय, दुसरी कॉपी कुणाकडं नाही. कडा सुटल्या असल्या तरी स्टिकर काढायच्या भानगडीत पडू नका, आहे तशी डिस्क घालून आधी हार्डडिस्कवर घ्या, तेही दोन ठिकाणी.

आणि नवीन डिस्क करून देणाऱ्या आमच्या भावांनी नाव पाण्याच्या शाईच्या मार्करनं लिहावं, शक्यतो मधल्या भोकाजवळच्या पारदर्शक कड्यावर. बॉलपेन नको, टोकानं दाबून लिहिलं की सीडीचा मुलामा दुखावतो. शोभाच पाहिजे तर वरून पांढऱ्या, प्रिंटरमधे छापता येणाऱ्या डिस्क मिळतात. आणि गिऱ्हाईक बदामातल्या फोटोसाठी हटूनच बसलं तर तो कव्हरवर छापा, कव्हर काय ड्राईव्हमधे फिरत नाही.

– एक शूटिंगवाला, विश्रामबाग, सांगली