राजमाचीच्या वाटेवरच्या अनोळखी माणसांचे आभार

२३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. आम्ही उठेपर्यंत राजभवनात फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी उरकलेला होता. दिवसभर टीव्हीसमोर बसून कोणाकडे किती आमदार ते मोजत बसलो. मतं आम्हीच द्यायची आणि आकडेमोडही आम्हीच करायची! रात्री बायको वैतागली, "तो टीव्ही तरी बंद कर, नाहीतर कुठेतरी जाऊन ये." रविवारी पहाटे कर्जत लोकल पकडली आणि कोंदिवड्याहून राजमाचीचा किल्ला चढायला लागलो.

कोंढाणे लेण्यांच्या पुढे उजव्या बुटाचा तळवा सुटला, पावलागणिक फटफट वाजायला लागला. गुरं घेऊन निघालेले एक काका थांबले. काही न विचारता खाली बसले, खिशातली सुतळी काढली, बुटाला तीन वेढे दिले आणि घोट्यामागे गाठ मारली. "नवीन घे आता," एवढंच बोलले. काका, राजमाचीच्या श्रीवर्धन बालेकिल्ल्याचा माथा गाठून परत येईपर्यंत ती गाठ ढिली झाली नाही. मुंबईत शनिवारी बांधलेली सरकारची गाठ मंगळवारी सुटली!

उधेवाडीत ज्या आजींच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खाल्ली, त्यांचेही आभार. सवयीने विचारलं, "आजी, बातम्या पाहिल्या का?" म्हणाल्या, "भात झोडायचा राहिलाय रे बाबा," आणि ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

आणि अंधारात कर्जत स्टेशनपर्यंत सोडणारे टेम्पोवाले दादा, तुम्ही पैसे घेतलेच नाहीत. बूट टाकून दिले. सुतळी ठेवली आहे.