काका, आमची यूएलपी (अनुचित कामगार प्रथेची तक्रार) तुमच्यामुळे उभी राहिली

काका, नमस्कार. समोर बसून आभार मानले असते तर तुम्ही लगेच विषय बदलला असता, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितोय, आता ऐकून घ्या.

पाणीपुरवठ्यातले आम्ही रोजंदारीवाले. काम बारमाही पण कागदावर हंगामी, 240 दिवस भरत आले की ब्रेक, म्हणजे काही दिवस काम बंद, आणि मग परत नवीन ऑर्डर. साहेबांना अर्ज दिले, नगरसेवकांना भेटलो, आवक नंबर पडायचा आणि विषय संपायचा. तुम्ही मात्र पहिलंच विचारलंत, ब्रेकच्या ऑर्डरवर सही कुणाची आणि तारीख कुठली? आम्ही अन्याय सांगतोय आणि हे तारखा मागतायत, थोडा रागच आला होता खरं तर.

मग तुम्हीच समजावलंत की अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात तक्रार 90 दिवसांच्या आत टाकायची असते, उशीर झाला तर कोर्टाला कारण पटवावं लागतं, आणि नुसता अन्याय झाला म्हणून भागत नाही, कायद्याला जोडलेल्या अनुसूचीतली, म्हणजे अनुचित प्रथांच्या यादीतली, बाब सांगावी लागते. चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब तुम्ही वाचून दाखवलीत, बदली (दुसऱ्याच्या जागेवरचे) किंवा तात्पुरते म्हणून घ्यायचं आणि कायम कामगाराचे फायदे मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं तसंच ठेवायचं. अरे ही तर आमचीच कुंडली! कामावरून काढलं असेल तर पहिली बाब आणि लेबर कोर्ट, आमच्यासारख्यांचं औद्योगिक कोर्टात, हेही तेव्हाच कळलं.

पण खरं काम पुढे होतं. नुसती वर्षं मोजून होत नाही, मुद्दाम तात्पुरतं ठेवलं हे दाखवावं लागतं. कुणाकडे हजेरी कार्ड, कुणाकडे पगाराची नोंद असलेलं पासबुक, कुणाच्या मोबाईलमध्ये मस्टरचा फोटो, ते सगळं जुळवून तुम्ही तक्ता केलात आणि त्यात स्पष्ट दिसलं की आम्ही ब्रेकवर असताना त्याच व्हॉल्व्हवर दुसरा रोजंदारीवाला असायचा, म्हणजे काम कधी थांबलंच नव्हतं. वकीलसाहेब त्या तक्त्यावरच बोलले.

समोरच्यांनी 2006 चा सुप्रीम कोर्टाचा उमादेवी निकाल काढलाच, तात्पुरत्यांना कायम होण्याचा आपोआप हक्क नाही असं सांगणारा. तुम्ही आधीच 2009 चा कास्ट्राईबचा निकाल फाईलला लावून ठेवला होता, एसटीच्या साफसफाई कामगारांचा, ज्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की उमादेवीमुळे या कायद्याखालचे औद्योगिक कोर्टाचे अधिकार जात नाहीत. पदं मंजूर आहेत का हा प्रश्न तरी उरतोच, हेही तुम्ही लपवलं नाहीत. आणि ठेकेदाराकडच्या त्या पोराला सरळ सांगितलंत की मालक कोण यावरच वाद असेल तर इथे तुझी तक्रार टिकणार नाही, आधी ते वेगळ्या दाव्यात ठरवून घे. बाकी लोक नुसती फी घेऊन आशा लावतात हो.

आता त्याच 1971 च्या कायद्याच्या कलम 30 खाली अंतरिम आदेश मिळालाय, निकाल लागेपर्यंत कुणाला काढायचं नाही. कायदा म्हणतो शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्या, तो काही एवढ्यात येत नाही, पण निदान ब्रेकची टांगती तलवार गेली आणि घरी झोप लागते. खूप खूप आभार काका.

बाय द वे, पुढच्या तारखेला माझी उलटतपासणी आहे आणि आस्थापना विभागाने मूळ मस्टर अजून कोर्टात दिलेलं नाही, ते मागवायचा अर्ज कसा लिहायचा ते विचारायला रविवारी येतोय. घरीच राहा.

तुमचा,
पाणीपुरवठ्यातला एक हंगामी