पेटीवर बारा घरं

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

बाबा, ब्लूज, कंट्री आणि रॉक अँड रोल या अमेरिकन गाण्याच्या प्रकारांचं मूळ एकच कसं, असं तुम्ही विचारलं होतंत. पेटी काढा, तिच्यावरच कळेल.

पांढरी एकचा सा धरा. एकदम दाबायचे तीन-तीन पट्ट्यांचे तीनच गट लागतात, पहिल्या सुराच्या नावाने ओळखायचे: सा-ग-प, म-ध-वरचा सा आणि प-नी-वरचा रे. बारा घरं, प्रत्येकात चार मात्रा. पहिली चार घरं साची. मग दोन मची, दोन साची. शेवटी एक पचं, एक मचं आणि दोन साची. एकूण ४८ मात्रा, म्हणजे तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं.

आई, प्रत्येक आवर्तनात एक ओळ. दुसरी ओळ पहिलीच पुन्हा, तिसरी तिला उत्तर देणारी. शब्द साधारण अर्ध्यातच संपतात, उरलेली जागा गिटारच्या जबाबाची. चुकतं ते इथेच: शब्द संपले की पुढची ओळ उचलली जाते आणि बाराची दहा घरं होतात. टाळी प्रत्येक घरातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर दे. समेची सवय झालेल्या हाताला हे जड जाईल.

यातला खास ग पेटीवर नाही. तो कोमल आणि शुद्ध ग यांच्या मधे हलत राहतो. तो तू गळ्यातून लाव, बाबांनी खाली शुद्ध गच धरायचा. दोन्ही एकमेकांना घासले पाहिजेत, गोडी त्यातच आहे.

आता मात्रेचे तीन भाग करून पहिला आणि तिसरा वाजवा: ब्लूजची डोलती चाल. खर्जात सा आणि प आलटूनपालटून, मधे गिटारचा फटकारा: कंट्री. लय चढवून दुसरी-चौथी मात्रा ठोकली की रॉक अँड रोल.

१९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी कृष्णवर्णीयांच्या तबकड्या 'रेस' आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या 'हिलबिली' अशा वेगळ्या याद्यांत घातल्या. ही विभागणी विक्रीची होती आणि तिने फार नुकसान केलं. बँजो आज गोऱ्यांचं वाद्य वाटतं, पण त्याचं मूळ गुलाम करून आणलेल्या आफ्रिकनांकडे आहे. कंट्रीचा जिमी रॉजर्स १९३० मध्ये गातो तेव्हा ट्रम्पेट लुई आर्मस्ट्राँगचा असतो. कंट्रीच्याच हँक विल्यम्सला घडवलं रूफस पेन या कृष्णवर्णीय गायकाने.

रॉक अँड रोलच्या एल्व्हिस प्रेस्लीची १९५४ची पहिली तबकडी जरूर ऐका. एका बाजूला आर्थर क्रडपचं ब्लूज, दुसरीकडे बिल मन्रोचं ब्लूग्रास, म्हणजे कंट्रीचाच एक प्रकार, वादक तेच. ड्रम नाहीच, ठेका येतो तो बिल ब्लॅकने थाप मारून वाजवलेल्या बासमधून, म्हणजे खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्यातून.

तुमची,
मीनू