आउट्रम १८२५ मध्ये जनरल नव्हता

महोदय,
खानदेशातील भिल्ल पलटणीवरील लेखात ती पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याला १८२५ मध्येच ‘जनरल सर’ करून टाकले आहे. तेव्हा तो बावीस वर्षांचा लेफ्टनंट होता. शेवटचा हुद्दा मागच्या तारखांना चिकटवण्याची ही खोड जुनीच. हुद्दा त्या-त्या वर्षीच्या लष्करी यादीतच पाहावा. ब्रेव्हेट, म्हणजे केवळ मानाने दिलेला, हुद्दा वेगळा धरावा. सैन्यात कॅप्टन म्हणवणारा स्वतःच्या पलटणीत लेफ्टनंटच असू शकतो. जन्मतारीख थडग्यावरच्या वयावरून काढू नये. ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅडेट-भरतीच्या कागदांना बहुधा बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो. ते कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आणि नाशिक जिल्हा झाला १८६९ मध्ये! त्याआधीच्या मालेगावची कागदपत्रे खानदेशच्या दप्तरात शोधावीत.

– एक इतिहासप्रेमी, नाशिक