पडद्यामागच्यांचे मनापासून आभार

गुरुपौर्णिमेपासून मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसापर्यंत मिरजेतल्या आमच्या गायन-वादन वर्गाच्या मुलांचे कार्यक्रम छान पार पडले. त्यामागे जे राबले त्यांना नाव नको आहे, म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यांत आधी तंतुवाद्य कारागिरांचे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक झालंच. पण वर्गातल्या जुन्या तंबोऱ्याची जवारी (तारांना गुंजणारा नाद देणारा घोडीचा पृष्ठभाग) बिघडली, तेव्हा यांच्यातल्याच एका चाचांनी ती घासून दिली, मोबदल्यात फक्त मुलांचा यमन राग ऐकला. शिवाय भोपळा कसा वाळवतात, कापतात, त्यावर दांडी कशी बसवतात, तेही दाखवलं. आमच्या मते वर्षभरातला सगळ्यांत चांगला तास तोच! (शिक्षकांनी रागावू नये.)

उरुसातल्या संगीत सभेत मुलांना अगदी पुढे बसवणाऱ्या कार्यकर्त्यांचे आभार. किराणा घराण्याचे थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या दर्ग्यातल्या कबरीजवळ बसून गाणं ऐकणं पुस्तकातून शिकवता येत नाही.

परीक्षेआधी रविवारी तबल्याची साथ करणारे काका, पेटीवाल्या ताई, चहा करणाऱ्या आया, सगळ्यांचे आभार.

दोन सतरंज्या वर्गात राहिल्यात. ज्यांच्या असतील त्यांनी संध्याकाळी येऊन न्याव्यात.