ग्राहक क्रमांकापुढे एक खूण करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गुरुवारचा शटडाऊन पुणेकरांना नवा नाही. वीज नाही, बरेचदा पाणीही नाही, त्यात कुणाचा दत्ताचा उपास. मी स्वतः ३१ वर्षं लाइनमन होतो. असे कितीतरी गुरुवार खांबावर काढले. त्यामुळे देखभालीसाठी वीज बंद करू नका, असं मी म्हणणार नाही. फांद्या तोडल्या नाहीत, जंपर (तारांचे जोड) आवळले नाहीत, तर पहिल्याच पावसात रात्रभर अंधारात बसावं लागतं.

आमच्या सौ.ला फुफ्फुसांचा विकार आहे. दीड वर्षापासून ती घरीच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणाऱ्या विजेच्या मशीनवर असते; मिनिटाला दोन लिटरवर, जेवतानाही आणि झोपेतही. मशीन पाच लिटरचं, साधारण ३५० वॅट खाणारं. इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी आहे. नवी असताना साडेतीन-चार तास निघायचे, आता अडीच तासांत मान टाकते. म्हणून हॉलचे दिवे-पंखे मी इन्व्हर्टरवरून काढून टाकलेत. शेवटचा आधार म्हणून पलंगाशेजारी बी टाइप सिलिंडर उभा असतो. भरलेला असेल तर १५०० लिटर, म्हणजे दोन लिटरने बारा तास.

एवढी तयारी असूनही गेल्या नोव्हेंबरात फजिती झालीच. वीज बंदचा मेसेज आला होता, पण मुलाच्या नंबरवर. तो बेंगळुरूला, मीटिंगमध्ये. मेसेजमधली वेळ दहा ते एक. वीज आली पावणेपाचला. मी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. परत आलो तर लिफ्ट बंद. तीन मजले चढून दार उघडलं आणि मशीनची घरघर ऐकू आली नाही. बाटलीतले बुडबुडे थांबलेले. सौ. पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसलेली, हातात सिलिंडरचा पाना. व्हॉल्व्ह तिच्या हाताने फिरत नव्हता. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ८३. मी व्हॉल्व्ह उघडून नळी जोडली, आणि दहा-बारा मिनिटांनी आकडा नव्वदच्या वर गेला. बोलता यायला लागल्यावर तिचं पहिलं वाक्य : "अहो, आधी पाणी प्या, जिने चढून आलात."

व्हॉल्व्ह आदल्या रात्रीच सैल करून बघायला हवा होता, ही माझी चूक. पण वीज जाणार हे आदल्या रात्री मला कळायला तर हवं! तक्रारीच्या नंबरवर फोन केला, घरी ऑक्सिजनवर पेशंट आहे म्हणून सांगितलं. पलीकडच्या मुलीने आस्थेने ऐकून घेतलं, पण लिहून घ्यायला तिच्या फॉर्मात रकानाच नव्हता.

तो रकाना हवा, एवढीच माझी मागणी आहे. डॉक्टरांचा दाखला घ्या, दर वर्षी नवा मागा, आणि बिलावरच्या ग्राहक क्रमांकापुढे एक खूण करा. अशा घरांची यादी शाखा कार्यालयात भिंतीवर राहू द्या. परमिट (लाइन बंद करून काम करायची परवानगी) घेण्याच्या आदल्या दिवशी फोन, काम लांबलं तर आणखी एक फोन. शहरात अकरा केव्हीचा सप्लाय पुष्कळदा दुसऱ्या फीडरवरून, म्हणजे दुसऱ्या मुख्य लाइनवरून फिरवता येतो. डीपीवरच (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरच) काम असेल तर इलाज नाही, हे मलाही कळतं. तेव्हा निदान खरी वेळ सांगा. ऑस्ट्रेलियात अशा घरांची नोंद ठेवणं वीज कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि ठरवून वीज बंद करायची तर बहुतेक राज्यांत कामाचे चार दिवस आधी लेखी कळवावं लागतं. ब्रिटनमध्येही अशी नोंदवही आहे, नोंदणीला पैसे पडत नाहीत.

तीच खूण थकबाकीच्या वेळीही दिसावी. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. घरात मशीनवर माणूस असेल तर काय, याबद्दल त्या कलमात काही नाही. नोकरीत असताना मीही पुष्कळ कनेक्शनं तोडली. आत कोण आहे हे विचारायची पद्धत नव्हती, आणि मीही कधी विचारलं नाही.

त्या गुरुवारनंतर आमच्या सोसायटीत घरोघर विचारलं. ४८ फ्लॅटांत तीन घरं निघाली : एक आजोबा रात्री बायपॅपवर (श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवर), एक आजी एअर बेडवर पडून, आणि आम्ही. अशा एखाद्या डीपीवर पाच-सहा फोन करावे लागतील. परमिटची वाट बघत लाइनमन टपरीवर एक कटिंग घेतो, तेवढ्या वेळात ते होतात.

आपला,
एक निवृत्त लाइनमन, बिबवेवाडी, पुणे
(नाव छापू नये ही विनंती, बरोबरची मुलं अजून नोकरीत आहेत.)