येळवशीनंतर

चि. बालाजीस अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला पोचल्याचं शिवाकडून कळलं. मला फोन केला नाहीस, ते समजलो. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात पाहुण्यांसमोर, कडब्याच्या कोपीपुढं उभं राहून तुझ्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मोजायला नको होत्या. चुकलंच माझं. पण पाकिटात सात जास्त निघाल्या, बाळा. सात.

आज गोळ्यांचं लिहायचंच नाही, असं ठरवून बसलो होतो. हरभरा घाट्यावर आलाय. लाल गाय व्यायली, कालवड झाली. आत्याचा पाय बरा आहे.

मागचा तुझा आयएनआर, रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा, १.४ आला. दोन ते तीनच्या मधे पाहिजे, हे तूच मला शिकवलंस. मेसमधल्या पालकामुळं झालं म्हणालास. डॉक्टरांनी पालेभाजी बंद कर असं कधी सांगितलं का? रोज साधारण सारखीच खा म्हणाले. तुझ्या आईनं तर येळवशीला तुझ्यापुरती पालेभाज्यांची भज्जी वेगळी शिजवली, पाला कमी घालून. तू ती खाल्लीस आणि गोळी विसरलास.

पहिल्यांदा पायात रक्ताची गाठ झाली तेव्हा प्लास्टरमुळं झाली म्हणाले. सहा महिन्यांनी ही गोळी, वॉरफरिन, बंद झाली, आपण पेढे वाटले. दुसऱ्या वेळी काहीच कारण नव्हतं. औशाहून लातूरपर्यंत जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. "दादा, छातीवर कुणीतरी पाय दिलाय," म्हणत होतास. तो रस्ता मी हजारदा गेलोय, त्या रात्री सरेचना. पायातली गाठ सुटून फुप्फुसात गेली होती. म्हणून आता ही गोळी सोडायची नाही म्हणतात.

एखादा दिवस राहिली तर त्याच दिवशी आठवल्यावर घे, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस. डोकं दुखलं म्हणून दुकानातली पेनकिलर नको, पोटात रक्तस्राव होतो. शौचाला काळं डांबरासारखं झालं, डोक्याला मार लागला, तर दवाखाना गाठ, घरी बसू नकोस. ट्रॅव्हल्सनं येतोस तेव्हा गाडी थांबली की उतरून चालत जा.

बघ, परत सुरू झालो. राग मानू नकोस. तू शिकलेला आहेस, बोअरचे पैसे तू भरलेस, हे मी गावात सगळ्यांना सांगतो. हृदयाची झडप बदललेल्या तात्यांना याच गोळीची वही तूच करून दिलीस. तारीख, आकडा, डोस. परवा त्यांनी ती मला दाखवली, एक रकाना रिकामा नाही. मी पाहत राहिलो. तुझी वही कुठं आहे, हे विचारायचं नव्हतं, पण आलंच लेखणीत.

मंगळवारी रक्त तपासायला द्यायचंय ना? आकडा कमी आला तरी सांग. मी ओरडणार नाही, आईलाही ओरडू देणार नाही.

रोज रात्री नऊला मिस्ड कॉल देतो. उचलू नकोस, बोलायचं काही नाही.

तुझे,
दादा